वाण्याची वही आणि साहचर्याचा नियम

गिऱ्हाइकाने एक जिन्नस मागितला म्हणजे त्याच्याबरोबर दुसरा कोणता लागेल, हे ओळखण्याची विद्या वाण्याच्या धंद्याइतकीच जुनी आहे. भगर मागणाऱ्यास तो साबुदाण्याविषयी विचारतो. दिवाळीच्या तोंडावर हरभऱ्याच्या डाळीची मोठी मागणी आली की तेलाचा डबा पुढे सरकवितो. आणि एखाद्या घरून मुगाची डाळ, जुना तांदूळ व ज्येष्ठमध अशी यादी आली, तर 'घरात कोण आजारी आहे?' हा प्रश्न त्याच्या तोंडून सहज निघून जातो. ही विद्या त्यास कोणी शिकविलेली नसते आणि ती त्याने कोठे लिहूनही ठेविलेली नसते. अलीकडे मात्र ती लिहिली जाऊ लागली आहे, आणि लिहिणारा वाणी नसून यंत्र आहे. एवढ्या एका फरकाने त्या विद्येच्या नैतिक स्वरूपात काही पालट होतो की काय, हा प्रश्न आम्ही येथे विचारार्थ घेत आहोत.

आम्ही ज्या गावी अध्यापन करतो ते राजगुरुनगर. जुन्या माणसांच्या तोंडी अद्याप 'खेड' हेच नाव आहे, आणि तालुकाही त्याच नावाने ओळखला जातो. भीमेच्या काठचा हा बाजार पूर्वी आसपासच्या गावांचा व पश्चिमेकडील डोंगरपट्ट्यातील वाड्यांचा होता; दुकानदार आणि गिऱ्हाईक एकमेकांस तीन-तीन पिढ्यांपासून ओळखत. पुढे याच तालुक्यातील चाकणच्या माळावर मोटारींचे व त्यांच्या सुट्या भागांचे कारखाने उभे राहिले, आणि पुणे-नाशिक रस्त्याच्या दोन्ही अंगांस मराठवाडा, विदर्भ, बिहार, उत्तर प्रदेश, ओडिशा अशा निरनिराळ्या ठिकाणांहून आलेली माणसे भाड्याच्या खोल्यांतून राहू लागली. वाण्याच्या फळीवर शेंगदाण्याच्या तेलाशेजारी मोहरीचे तेल आले, नाचणीच्या पिठाशेजारी सत्तू आला. ज्याचे आडनाव ठाऊक नाही, ज्याचे सणवार ठाऊक नाहीत आणि जो पुढच्या महिन्यात याच खोलीत असेल याचीही खात्री नाही, त्याच्या गरजा ओळखाव्या कशा? दुकानदाराची ही अडचण खरी होती, आणि यंत्राचा प्रवेश तिच्याच दाराने झाला, हे प्रथम मान्य केले पाहिजे. जे लोक या विषयाचा विचार 'यंत्र म्हणजे पाप' एवढ्या सूत्रावर उरकून टाकतात, त्यांच्याशी आमचा मतभेद येथूनच सुरू होतो.

यंत्र करते काय, ते थोडक्यात सांगतो. २६ जून १९७४ रोजी अमेरिकेतील ओहायओ राज्यात ट्रॉय नावाच्या गावी च्युइंग गमचे एक पाकीट बारकोडवरून वाचून विकले गेले. तेव्हापासून कोणता जिन्नस कोणत्या बिलात गेला याची नोंद आपोआप होऊ लागली. नोंदींचे ढीग साचले. पण त्यांतून अर्थ काढावा कसा, हे ठरावयास आणखी जवळजवळ वीस वर्षे जावी लागली. १९९३ साली राकेश अग्रवाल, टोमाश इमीलिन्स्की व अरुण स्वामी या तिघांनी एका निबंधात त्याची रीत मांडली. यांपैकी अग्रवाल हे रुडकीच्या विद्यापीठाचे पदवीधर. रीत कळण्यास अवघड नाही. समजा, एका दुकानात महिन्यास १,००० बिले झाली. त्यांपैकी २०० बिलांत चहापूड, ४०० बिलांत साखर आणि १६० बिलांत दोन्ही आढळली. दोन्ही एकत्र असण्याचे प्रमाण शेकडा १६ पडले; यास 'आधार' म्हणू. चहापुडीच्या २०० बिलांपैकी १६० बिलांत साखर आहे, म्हणजे शेकडा ८०, हा 'भरवसा'. परंतु साखर तर एरवीही शेकडा ४० बिलांत असतेच. तेव्हा चहापुडीमुळे साखरेचा संभव चाळिसाचा ऐंशी, म्हणजे दुप्पट झाला. ही तिसरी संख्या 'उठाव'. (बाजारात मालास जो उठाव असतो त्याहून हा निराळा.) मीठ जवळजवळ प्रत्येक बिलात असेल तर कोणत्याही जिनसाचा मिठाशी भरवसा मोठा दिसेल, पण उठाव एकाच्या आसपासच राहील, म्हणजे त्या साहचर्यास काही अर्थ नाही.

खरी अडचण जोड्यांच्या संख्येची असते. दुकानात ५,००० जिन्नस असले तर त्यांच्या जोड्याच सुमारे सव्वा कोटी होतात. त्रिकुटांची तर गोष्टच सोडा. १९९४ साली अग्रवाल व रामकृष्णन श्रीकांत यांनी यावर जो तोडगा काढला तो एखाद्या चतुर मुनीमास सुचावा असा आहे. जो जिन्नस मुळातच क्वचित खपतो, त्याची कोणाशीही जोडी वारंवार खपणे शक्य नाही. तेव्हा असे जिन्नस आरंभीच गाळावे, आणि उरलेल्यांच्याच जोड्या मोजाव्या. आज बाजारात मिळणाऱ्या बिलांच्या सॉफ्टवेअरमध्ये जो 'एकत्र खपणारा माल' म्हणून तक्ता निघतो, त्याच्या मुळाशी बहुधा याच तऱ्हेचा हिशेब असतो.

आता आमच्या विषयाकडे, म्हणजे तर्कशास्त्राकडे, वळू. ज्यांनी 'तर्कसंग्रह' वाचला आहे त्यांस हा सर्व प्रकार ओळखीचा वाटेल. सतराव्या शतकातील अन्नंभट्टाच्या या छोट्या ग्रंथात व्याप्तीचे जे लक्षण दिले आहे, ते साहचर्याच्या नियमाचेच आहे. धूर दिसला की अग्नी असतो. दोघे बरोबर राहतात, आणि ते बरोबर राहणे नियमाने असते. यंत्रही हेच म्हणते, फक्त 'नियमाने' या शब्दाऐवजी शेकडेवारी देते. परंतु नैयायिक तेथे थांबत नाहीत. ते म्हणतात, धुरावरून अग्नीचे अनुमान खुशाल करा, पण अग्नीवरून धुराचे करू नका. कारण अग्नी आणि धूर यांच्यामध्ये ओल्या सरपणाची अट लपलेली आहे. तापलेल्या लोखंडात अग्नी आहे आणि धूर नाही. या लपलेल्या अटीस ते 'उपाधी' म्हणतात, आणि उपाधीचा शोध घेतल्यावाचून साहचर्यावरून काही सिद्ध करू पाहणे त्यांस मान्य नाही. यंत्राच्या तक्त्यात उपाधीचे सदर नसते. ते भरण्याचे काम तक्ता वाचणाऱ्यावर येते, आणि मनुष्यस्वभाव असा की ते सदर तो आपल्या पूर्वग्रहांनी भरून टाकतो.

याचे उत्तम उदाहरण या विद्येच्या जगप्रसिद्ध दंतकथेतच आहे. १९९२ साली अमेरिकेतील ऑस्को नावाच्या औषधी दुकानांच्या सुमारे १२ लाख बिलांची छाननी टेराडेटा या कंपनीने केली. तीत सायंकाळी ५ ते ७ या वेळात बियर आणि तान्ह्या मुलांचे डायपर एकत्र खपतात असे आढळले. पुढे ही गोष्ट जगभर सांगितली गेली ती अशी: कामावरून परतणाऱ्या बापास बायको डायपर आणावयास सांगते, आणि बाप त्याबरोबर स्वतःसाठी बियर घेतो; दुकानदारांनी दोन्ही जिन्नस शेजारी ठेविले आणि खप भरमसाट वाढला. वास्तविक दुकानदारांनी त्या दोन जिनसांची मांडणी बदललीच नव्हती. आणि बिलावर बाप कोठे होता? बिलावर दोन जिन्नस होते आणि एक वेळ होती. बाप, त्याची बायको, तिचा निरोप, त्याचा थकवा हे सर्व कुटुंब ऐकणाऱ्यांनी आपल्या पदरचे घातले. ही गोष्ट विनोदाची म्हणून खपून गेली. परंतु चाकणच्या एखाद्या वसाहतीतील बिले पाहून 'हे लोक दहा-दहा रुपयांच्या पुड्या घेतात, कारण यांस दूरदृष्टी नाही' असा निष्कर्ष कोणी काढला, तर त्यातही हीच चूक आहे, आणि ती मुळीच विनोदाची नाही. मोठी पिशवी एकदम घेण्याइतके पैसे हातात नसणे आणि खोलीत ती ठेवावयास जागा नसणे, ही त्या पुड्यांची उपाधी होय.

साहचर्याचा अर्थ चुकीचा लावला जातो, हा झाला ज्ञानाचा दोष. पण अर्थ बरोबर लागला तर? आमच्या मते नीतीचा प्रश्न तेथे उभा राहतो. आमच्या महाविद्यालयातील वाणिज्य शाखेच्या एका विद्यार्थ्याचे वडील गावात किराणा मालाचे दुकान चालवितात. बिलांचे सॉफ्टवेअर दुकानात येऊन काही वर्षे झाली होती. पण त्यातून वर सांगितलेला तक्ताही निघतो, हे मुलाने पदवीच्या प्रकल्पासाठी शोधून काढीपर्यंत घरात कोणास ठाऊक नव्हते. तो तक्ता घेऊन तो आमच्याकडे आला. तर्कशास्त्र शिकविणाराकडे हिशेबाचे कागद घेऊन येणारा विद्यार्थी विरळाच, तेव्हा आम्ही त्यास चहा पाजला आणि कागद पाहिले. एकादशीच्या आदल्या दिवशी साबुदाणा, शेंगदाणे आणि भगर यांचे साहचर्य असणार हे आम्ही कागद न पाहताही सांगितले असते. परंतु मुलाने एक पाऊल पुढे टाकिले होते. त्याने मागील भाव लावून पाहिले, तेव्हा त्यास असे दिसले की, साबुदाण्याचा भाव थोडा उतरला की त्याचा खप चटकन वाढतो. शेंगदाण्याचा भाव वरखाली झाला तरी त्या दिवशीच्या खपात फरक पडत नाही. अर्थात गिऱ्हाईक साबुदाण्याचा भाव विचारते, दाण्यांचा विचारीत नाही. त्यावरून त्याने वडिलांस सुचविले की एकादशीच्या सुमारास साबुदाणा चार रुपयांनी उतरवावा, आणि ते चार व वर दोन असे दाण्यांवर चढवावे. वडिलांनी तक्ता नीट पाहिला, मुलाचे कौतुक केले आणि सांगितले, "अरे, लोकांच्या फराळाच्या ताटात हात घालायचा नाही." मात्र दाण्यांचे पोते त्यांनी साबुदाण्याशेजारी आणून ठेविले.

मुलाचे समाधान झाले नव्हते, आणि त्याचा प्रश्न आम्हांस मोठा मार्मिक वाटला. तो म्हणाला, "सर, पोते शेजारी ठेवले तरीही खप वाढणारच. ती युक्ती चालते आणि माझी चालत नाही, हे कसे? ज्ञान तर दोन्हीकडे तेच वापरले आहे."

याचे सोपे उत्तर असे की, एकात गिऱ्हाइकाचे पैसे अधिक जातात आणि दुसऱ्यात जात नाहीत. ते पुरेसे नाही. शेजारी ठेवलेले दाणे पाहून ज्यास ते नको होते तोही घेईल, आणि त्याचे पैसे जातीलच. दुसरे उत्तर असे की, धंदा म्हणजे धंदा. दोन्ही युक्त्या सारख्याच निर्दोष आहेत, आणि वडिलांची हळहळ ही केवळ जुनी सवय आहे. हे उत्तर देणारे लोक पुष्कळ आहेत, आणि त्यांच्याजवळ भक्कम मुद्दाही आहे. गिऱ्हाइकास भाव विचारण्यास कोणी मनाई केली आहे काय? डोळे मिटून घेणाऱ्याची जबाबदारी दुकानदाराने का उचलावी? या मुद्द्याचे उत्तर शोधण्यासाठी एका दूरच्या प्रसंगाकडे पाहणे आवश्यक आहे.

अमेरिकेतील टार्गेट या दुकानांच्या साखळीविषयीचा एक लेख फेब्रुवारी २०१२ मध्ये 'न्यूयॉर्क टाइम्स'च्या साप्ताहिक पुरवणीत प्रसिद्ध झाला. त्या दुकानातील संख्याशास्त्रज्ञांनी सुमारे २५ जिनसांच्या खरेदीवरून कोणती स्त्री गरोदर असावी याचा अंदाज बांधण्याची रीत बसविली होती. बिनवासाचे मलम, काही विशिष्ट क्षारांच्या गोळ्या, कापसाचे मोठे पुडे असे ते जिन्नस. त्या लेखात एका बापाची हकीगत होती. त्याच्या शाळकरी मुलीस बाळाच्या वस्तूंच्या सवलतीची पत्रके आली म्हणून तो दुकानात भांडावयास गेला, आणि पुढे त्यास कळले की दुकानास जे ठाऊक होते ते बापासच ठाऊक नव्हते. ही हकीगत पुष्कळांनी सांगितली आहे. आमचे लक्ष तिच्या पुढील भागाने वेधले. आपल्यावर पाळत आहे असे वाटून बायका बिथरतात, हे ध्यानात येताच दुकानाने ती पत्रके बंद केली नाहीत. बाळाच्या डायपरशेजारी गवत कापण्याच्या यंत्राची जाहिरात घातली, म्हणजे सर्व काही सहजगत्या आल्यासारखे दिसावे. दुकानास संकोच वाटला तो जाणण्याचा नव्हे. जाणले आहे हे उघड होण्याचा.

आमच्या बाजारातला वाणीही असे पुष्कळ जाणतो. कोणाच्या घरी पाळणा हलणार, कोणाचा पगार अडला, कोणाच्या घरी मधुमेह शिरला, हे त्यास यादीवरून कळते. अंत्यविधीचे सामान मागावयास आलेल्या माणसाशी भावाची घासाघीस होत नाही, आणि दुकानदारही त्यास नावापलीकडे फारसे विचारीत नाही. सामान बांधून देतो. पण तो जे जाणतो ते त्याने जाणले आहे, हे गिऱ्हाइकास ठाऊक असते. दोघेही एकाच उंबरठ्याशी उभे असतात. वाण्याने त्या ज्ञानाचा गैरवापर केला तर दुसऱ्या दिवशी ते आळीभर होते. त्याचे ज्ञान असे कायमचे ओलीस असते.

येथे वाचकांपैकी कोणी म्हणतील की, लेखक जुन्या वाण्याचे गोडवे गाऊ लागला. तसा आमचा हेतू नाही. याच पुणे जिल्ह्यात, सुपे येथे, १२ मे १८७५ रोजी शेतकऱ्यांनी सावकारांच्या घरांवर चाल केली, आणि तो वणवा पुणे व नगर जिल्ह्यांत पसरला. त्या दंग्यांचे वैशिष्ट्य असे होते की, लोकांचा मुख्य रोख सावकाराच्या जिवावर किंवा धान्यावर नसून त्याच्या कागदांवर होता. कर्जरोखे आणि हिशेबाच्या वह्या मागून घेऊन त्यांची होळी करण्यात आली. ओळखदेख पिढ्यांची होती. सावकार आणि वाणी बहुधा एकच असे. तरीही जी वही आपल्याविषयी आहे आणि जी आपणांस वाचता येत नाही, ती जाळावी असे कुणब्यास वाटले. त्याचा परिणाम म्हणून १८७९ साली दख्खनच्या शेतकऱ्यांच्या संरक्षणाचा कायदा झाला. त्यात जमिनी व व्याज यांविषयी जे आहे ते सर्वश्रुतच आहे. परंतु त्यातील एका लहान भागाकडे फारसे लक्ष जात नाही. दिलेल्या पैशाची लेखी पावती, वर्षाचा हिशेबाचा उतारा आणि मागितल्यास हिशेबाचे पासबुक मिळण्याचा हक्क ऋणको शेतकऱ्यास त्यात दिलेला होता. वही ठेवू नये असे कायद्याने म्हटले नाही. ज्याच्या नावाने वही आहे त्यास तिचा उतारा द्यावा, असे म्हटले. आमच्या मते त्या कायद्यातील ही कल्पना आजच्या प्रश्नास सरळ लागू पडते.

आजचे कायदेही काही अंशी त्याच दिशेने चालले आहेत. २४ ऑगस्ट २०१७ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींनी खासगीपणा हा मूलभूत हक्क असल्याचा निर्णय दिला. (ज्यांच्या नावाने आमचे गाव ओळखले जाते त्या हुतात्मा शिवराम हरि राजगुरू यांचा जन्म २४ ऑगस्ट १९०८ चा, याच गावचा. हा योगायोग आम्ही विद्यार्थ्यांस आवर्जून सांगतो. त्यावरून काही सिद्ध होत नाही, हेही त्याच तासाला सांगतो.) मे २०२३ मध्ये केंद्राच्या ग्राहक व्यवहार खात्याने दुकानदारांस सूचना दिली की, मोबाइल क्रमांक दिल्यावाचून माल देणार नाही असा आग्रह धरू नये, आणि त्याच वर्षीच्या ऑगस्टमध्ये व्यक्तिगत डेटाच्या संरक्षणाचा कायदा मंजूर झाला, ज्यात आपल्याविषयीची माहिती कोणाजवळ काय आहे हे विचारण्याचा हक्क मान्य केला आहे. हे सर्व स्वागतार्ह आहे. तथापि साहचर्याचा नियम या जाळ्यातून निसटतो. 'साबुदाणा घेणारे दाण्यांचा भाव पाहत नाहीत' या वाक्यात कोणाचेही नाव नाही, क्रमांक नाही. ती कोणा एकाची खासगी माहिती नव्हे. हजार जणांच्या बिलांतून गाळून काढलेला तो अर्क आहे. मी माझा क्रमांक दिला नाही, तरी शेजाऱ्यांच्या बिलांवरून निघालेला नियम मला लागू होणारच. संमतीच्या पायावर उभारलेली नीती येथे अपुरी पडते, कारण ज्याची संमती घ्यावयाची ती व्यक्तीच तेथे नाही. आहे तो एक वर्ग.

म्हणून आमच्या विद्यार्थ्यास आम्ही कांटकडे नेले. त्या जर्मन तत्त्वज्ञाने १७९५ साली चिरकालिक शांततेवर लिहिलेल्या निबंधाच्या परिशिष्टात राजकारणासाठी एक कसोटी सांगितली आहे. दुसऱ्याच्या हक्कांस स्पर्श करणारे जे धोरण जाहीर करताच फसते, ते अन्यायाचे समजावे, असा तिचा भावार्थ. ती राज्यांसाठी सांगितलेली असली तरी दुकानासही लावून पाहण्यास हरकत नाही. मुलाच्या वडिलांस दुकानावर अशी पाटी लावता येईल: 'साबुदाणा नेणारे बहुधा दाणेही नेतात, म्हणून ते शेजारी ठेविले आहेत.' पाटी वाचून कोणी रागावणार नाही, आणि युक्तीही फसणार नाही. आता दुसरी पाटी पाहा: 'आपण दाण्यांचा भाव विचारीत नाही असे आमच्या ध्यानात आले आहे, म्हणून साबुदाण्यात सोडलेले पैसे व वर दोन रुपये आम्ही तेथे घेतो.' ही पाटी लागली त्या क्षणी प्रत्येक गिऱ्हाईक दाण्यांचा भाव विचारू लागेल. ज्या युक्तीचा प्राण गिऱ्हाइकाच्या न कळण्यात आहे, ती गिऱ्हाइकास वागविते ती शिकारीप्रमाणे.

यावर आमच्या एका व्यापारी मित्राने आक्षेप घेतला की, मग खरेदीचा भावही पाटीवर लिहावा लागेल. तोही आम्ही गुप्त ठेवतो. आक्षेप वरवर बिनतोड आहे. परंतु खरेदीचा भाव हे दुकानाविषयीचे गुपित आहे, आणि दाण्यांचा नियम हे गिऱ्हाइकाविषयीचे. स्वतःची गोष्ट झाकून ठेवणे निराळे; दुसऱ्याची गोष्ट त्याच्यापासूनच झाकून, तिच्यावर कमाई करणे निराळे. काही वस्तूंच्या बाबतीत समाजाने हा भेद न बोलता मानलाही आहे. अर्भकांच्या दुधाच्या भुकटीची जाहिरात करण्यास, तसेच सवलती व भेटी देऊन तिचा खप वाढविण्यास १९९२ च्या कायद्याने मनाई आहे. कारण नवी आई ज्या अवस्थेत असते त्या अवस्थेचा कोणी फायदा घेऊ नये असे सर्वांस पटले. तक्त्याची विद्या अशा नाजूक अवस्था शोधून काढण्यातच विशेष वाकबगार आहे.

परंतु ही कसोटीही सर्वत्र पुरत नाही, आणि तिचा अपुरेपणा आमच्याच तालुक्यात दर खरिपास प्रत्ययास येतो. कांद्या-बटाट्याच्या या मुलखात युरियाचे पोते हे जीवन-मरणाचे काम. ४५ किलोचे पोते शेतकऱ्यास साधारण २६६ रुपये ५० पैशांस पडते, कारण बाकीचा भार सरकार उचलते. महाराष्ट्रात हंगामाच्या ऐन भरात अनेक ठिकाणी अशी तक्रार ऐकू येते की, पोते हवे तर सूक्ष्म अन्नद्रव्यांची पिशवी किंवा द्रवरूप खताची बाटलीही घ्यावी लागेल असे दुकानदार सांगतो. याला शेतकरी 'लिंकिंग' म्हणतात. कृषी खाते तसे न करण्याची तंबी वेळोवेळी देते. दुकानदार पुष्कळदा कंपनीकडे बोट दाखवितात, की वरूनच आम्हांस माल असा जोडून येतो. येथे लपवाछपवी काहीच नाही; नियम तोंडावर सांगितला जातो, पाटी लावली तरी कोणाचे बिघडत नाही, आणि तरीही तो अन्यायच आहे. पेरणी झालेली आहे, पाऊस उघडला आहे, आणि दुसरे दुकान पंधरा किलोमीटरांवर आहे. ज्यास पाठ फिरवून निघून जाता येत नाही, त्यास आपण कसे लुबाडले जात आहोत हे कळून उपयोग काय? तेव्हा उघडपणाच्या जोडीस निघून जाण्याची मोकळीकही पाहावी लागते. दाण्यांच्या बाबतीत ती मोकळीक आहे; खताच्या बाबतीत नाही; चाकणजवळच्या ज्या वसाहतीत एकच दुकान आहे आणि तेच उधारी देते, तेथे ती नावापुरतीच आहे.

आता गंमत अशी की, एखाद्या खताच्या दुकानातील सर्व बिले यंत्रास दिली, तर युरिया आणि ती बाटली यांचे साहचर्य तक्त्यात सर्वांच्या वर येईल. उपाधीचा विचार न करणारा वाचक म्हणेल, शेतकऱ्यांस या बाटलीची आवड उत्पन्न झालेली दिसते, शेजारी ठेवा. उपाधी शोधणारा मात्र त्या शेकडेवारीकडे निराळ्या दृष्टीने पाहील. चहा आणि साखर यांचे सख्य एवढे जुने, तरी आमच्या उदाहरणात त्यांचा भरवसा शेकडा ८० वर थांबला होता. कोणी मधुमेही असतो, कोणाच्या घरी साखर शिल्लक असते, कोणी गूळ घालतो. तो भरवसा ९८ किंवा १०० झाला, आणि तोही केवळ हंगामाच्या चार आठवड्यांत, तर ती आवड नव्हे. तेथे कोणाचा तरी हात आहे. म्हणजे जो तक्ता गिऱ्हाइकास अडविण्याच्या कामी येतो, तोच अडवणुकीचा पुरावाही होऊ शकेल, जर तो दुकानदाराऐवजी गिऱ्हाइकाच्या बाजूने कोणी काढला तर.

आमच्या त्या विद्यार्थ्यास ही कल्पना फार आवडली. येत्या खरिपात तालुक्यातील शेतकऱ्यांकडून खताची बिले गोळा करून तसा तक्ता काढावा, आणि तो कृषी अधिकाऱ्यांपुढे ठेवावा, असा त्याचा व त्याच्या चार मित्रांचा बेत आहे. अडचण एकच दिसते. अनुदानाच्या खताची नोंद यंत्रावर अंगठा उमटवूनच होते, तेव्हा ते बिल मिळेल. परंतु जोडून दिलेल्या बाटलीचे बिल पुष्कळ ठिकाणी वेगळे, साध्या कागदावर केलेले असते, आणि मागितल्यावाचून ते हातात पडत नाही. शेतकऱ्यांनी ते मागून घ्यावे म्हणून मुले आता बाजाराच्या दिवशी खताच्या दुकानांसमोर उभी राहणार आहेत. वडिलांनी मुलास दुकानातून तेवढी सुट्टी दिली आहे.